हॉल आणि स्वयंपाकघरातली भिंत पाडण्याआधी

दोन बेडरूमचा नवा फ्लॅट ताब्यात आला, किंवा जुन्याचं नूतनीकरण काढलं, की पहिली सूचना बहुतेक वेळा एकच येते : हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधली भिंत काढून टाका. घर मोठं दिसेल, उजेड आत येईल, स्वयंपाक करणारं माणूस एकटं पडणार नाही. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यासाठी भिंत पाडणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. पण ती भिंत आजवर काय काय अडवून धरत होती, याचा हिशेब सहसा ती पडल्यावर लागतो. फोडणीचा ठसका, मिक्सरचा आवाज, सिंकमधली खरकटी भांडी, एसीची थंड हवा, आणि काही इमारतींत तर वरच्या मजल्यांचं वजन. हा हिशेब आधी मांडायला हवा. माझं सांगणं एवढंच आहे, की घर जरूर मोकळं करा, पण हवं तेव्हा ते पुन्हा बंद करता येईल असं करा.

सुरुवात भिंतीपासून करू. जुने वाडे, चाळी, बंगले आणि पूर्वीच्या कित्येक दोन-तीन मजली सोसायट्या ‘लोड बेअरिंग’ आहेत. म्हणजे तुळयांचं किंवा स्लॅबचं वजन थेट भिंतींवर आहे. अशा घरातली भिंत पाडणं म्हणजे इमारतीचा आधार काढून घेणं. नंतर आल्या आरसीसी सांगाड्याच्या इमारती. तिथे वजन कॉलम आणि बीम पेलतात, मधल्या भिंती नुसत्या पडद्या असतात. ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदानं १९१४ साली ‘डॉम-इनो’ नावाचा आराखडा मांडला. त्यात स्लॅब, खांब आणि जिना एवढंच होतं. भिंत कुठे घालायची आणि कुठे नाही, हे त्यामुळे वजनाच्या जाचातून सुटलं. आज आपण ज्याला ओपन प्लॅन म्हणतो, तो या सांगाड्यामुळे शक्य झाला. तेव्हा आपल्या इमारतीला तसा सांगाडा आहे का, हा पहिला प्रश्न.

भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मोजता येते. अर्ध्या विटेची पडदी साडेचार इंचांची, ती दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासकट साडेपाच-सहा इंच भरते. पूर्ण विटेची भिंत नऊ इंचांची, ती गिलाव्यासकट दहाच्या आसपास जाते. दोन खोल्यांच्या मधली भिंत नऊ इंची निघाली, तर हातोडा खाली ठेवा. मात्र बारीक आहे म्हणून ती बिनधोक आहे असंही धरू नका. तिच्या पोटात कॉलम दडलेला असू शकतो. शिवाय वरच्या आणि खालच्या मजल्यांवर आजवर कोणी काय पाडून ठेवलं आहे, ते आपल्याला दिसत नाही. टकटक करून आवाजावरून भिंत ओळखणारे मिस्त्री भेटतात. त्यांच्या अनुभवाचा मान ठेवूनही सांगतो, ही परीक्षा नव्हे.

गेल्या काही वर्षांतल्या उंच इमारतींची गोष्ट आणखी वेगळी आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकदमच ओतायच्या, या पद्धतीला बांधकामवाले ‘मिवान’ म्हणतात. तिथे खोल्यांमधल्या बऱ्याचशा भिंती सळई घातलेल्या काँक्रीटच्या असतात. वरचं वजन त्याच पेलतात, भूकंपाचा आणि वाऱ्याचा जोरही त्याच झेलतात. खिळा आत शिरत नाही, साधं ड्रिल जागच्या जागी फिरत राहतं, तेव्हाच शंका यायला हवी. अशी भिंत पाडायची नाही, तिच्यातल्या दाराची रुंदीही वाढवायची नाही. पुनर्विकासानंतर टॉवरमध्ये राहायला गेलेल्यांनी तर फर्निचरवाल्याला बोलावण्याआधी बिल्डरकडून मंजूर नकाशा आणि आरसीसी ड्रॉइंग मागून घ्यावं.

मग परवानगी. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, समितीची लेखी परवानगी घेतल्याशिवाय सभासदाला सदनिकेत बदल करता येत नाहीत. इमारतीच्या रचनेला धक्का लागणार असेल तर पालिकेची परवानगीही लागते. सेक्रेटरी ओळखीचे आहेत म्हणून तोंडी होकारावर काम उरकू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा, भिंत दाखवा, आणि त्याचं मत सही-शिक्क्यानिशी कागदावर घ्या. नूतनीकरणाच्या एकूण खर्चात त्याची फी फारच थोडी असते. याच उपविधींत इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांच्या पुढे गेली की दर ३ वर्षांनी संरचनात्मक तपासणी सांगितली आहे. आपल्या सोसायटीचा असा अहवाल असेल तर तो इंजिनिअरच्या हाती द्या. त्याचं काम निम्मं सोपं होईल.

पाडायचं नक्की झालं तरी ते कसं, हेही पाहायला हवं. दहा फूट लांब आणि नऊ फूट उंच अर्ध्या विटेची भिंत गिलाव्यासकट दोन टनांच्या वर भरते. घरातला स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो वापराचं वजन धरून बांधलेला असतो. तेव्हा तो सगळा राडारोडा हॉलच्या मधोमध ढीग करून चार दिवस ठेवायचा नाही. पाडलं तेवढं त्याच दिवशी खाली गेलं पाहिजे. घणाचे घाव घालून भिंत आडवी करण्यापेक्षा कटरनं कापून, वरून खाली, थराथरानं उतरवायला सांगा. शेजाऱ्यांच्या भिंतींना तडे जाणं त्यानं पुष्कळ टळतं. भिंतीतून विजेच्या नळ्या आणि पाण्याचे पाइप गेलेले असतात, म्हणून इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर आधी येऊन गेलेले बरे. आणि फरशीचं विसरू नका. भिंत होती तिथे सहा इंचांची पट्टी उघडी पडते. जुनी फरशी बाजारात मिळत नाही, मिळाली तरी रंग जुळत नाही. तिथे ग्रॅनाइटची सरळ पट्टी घालणं हा सर्वांत साफ उपाय. वर बीम असेल तर तोही दिसू लागतो. तो झाकायला अख्ख्या हॉलला फॉल्स सीलिंग करून उंची घालवू नका, बीम दिसला तर दिसू द्या.

आता धुराकडे वळू, कारण आपल्या घरात ओपन किचन फसतं ते बहुतेक इथेच. मासिकांतल्या चित्रांमधली मोकळी स्वयंपाकघरं ज्या देशांतून आली, तिथे बरंचसं रांधणं ओव्हनमध्ये होतं. आपल्याकडे रोज मोहरी-हिंगाची फोडणी बसते, मिरच्या भाजल्या जातात, खोबरं आणि कांदा काळपट होईस्तोवर परतला जातो, बोंबील तळले जातात. कोकणातल्या जुन्या घरात ओटी, माजघर आणि मग स्वयंपाकघर असा क्रम असे, त्यामुळे चुलीचा धूर मागच्या मागे राही. आठ बाय आठचं स्वयंपाकघर दहा बाय सोळाच्या हॉलला जोडलं, की धुराला पसरायला साडेतीन पट जागा मिळते. तो पातळ होतो हे खरं, पण सोफ्याच्या कापडात, पडद्यांत आणि पुस्तकांत जाऊन बसतो. तेलकट धूळ पंख्याच्या पात्यांवर चढते आणि ती नुसत्या फडक्यानं निघत नाही.

म्हणून ओपन किचन करायचं असेल तर चिमणी बाहेर हवा टाकणारीच हवी. कोळशाच्या फिल्टरमधून तीच हवा घरात परत सोडणारी चिमणी आपल्या फोडणीला पुरत नाही. पाइप सहा इंच व्यासाचा, होईल तेवढा आखूड आणि सरळ असावा. प्रत्येक वळणाला ओढ कमी होते, त्यामुळे खोक्यावर छापलेला तासाला हजार-बाराशे घनमीटरचा आकडा घरात प्रत्यक्षात मिळत नाही. चिमणी गॅसच्या वर साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटरवर बसते. ती हवा बाहेर फेकते तर तेवढीच हवा कुठूनतरी आत यायला हवी, म्हणून फोडणी घालताना स्वयंपाकघराची खिडकी थोडी उघडी ठेवा. एसी लावून, सगळं बंद करून चिमणी चालवली तर विकत घेतलेली थंड हवाच ती बाहेर टाकते. आणि १६० चौरस फुटांच्या हॉलसाठी घेतलेला दीड टनाचा एसी, गॅसची धग धरून २२४ चौरस फुटांना पुरेल अशी आशा करू नका.

याला जोडूनच पंख्याची गोष्ट. हॉलच्या पंख्याचा वारा गॅसपर्यंत पोचला की ज्योत फडफडते, मंद केलेली तर विझते, आणि गॅस तसाच सुटत राहतो. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी शेगडी मिळते, ओपन किचनमध्ये तीच घ्यावी. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत पसरत जातो. मधे भिंत आणि उंबरा नसेल तर तो थेट हॉलमध्ये येतो, जिथे खाली देवापुढे निरांजन तेवत असू शकतं. पाइपचा नैसर्गिक गॅस हलका असतो, तो वर छतापाशी साठतो. म्हणून गॅस ओळखणारा अलार्म सिलिंडरच्या घरात खाली आणि पाइप गॅसच्या घरात वर लावायचा असतो. गॅसचा पाइप सरकवायचा असेल तर तो फर्निचरवाल्याच्या माणसाकडून नव्हे, गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच. कढईतल्या तेलानं पेट घेतला तर पाणी टाकायचं नाही, गॅस बंद करून घट्ट झाकण ठेवायचं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. मोकळ्या घरात आग अडवायला मधे दार नसतं.

एवढं सगळं सांभाळून ओपन किचन का करावं? माझ्या मते एकाच कारणासाठी : स्वयंपाक करणारी व्यक्ती, आणि आपल्याकडे ती बहुतेक घरात आजही बाईच असते, घराच्या बोलण्या-चालण्यात राहावी. पण नुसती भिंत पाडून हे साधत नाही. बहुतेक फ्लॅटमध्ये ओटा बाहेरच्या भिंतीला असतो. मधली भिंत गेली तरी तिची हॉलकडे पाठच राहते. वर आता मागून सगळ्यांच्या नजरा. हा बदल तिच्या सोयीचा नाही. गॅस आहे तिथेच, चिमणीखाली राहू द्या. चिरण्याचा, मळण्याचा, निवडण्याचा ओटा मात्र हॉलच्या बाजूला घ्या, म्हणजे ती कामं समोर पाहत, बोलत होतात. स्वयंपाकाचा निम्म्याहून अधिक वेळ तसाही याच कामांत जातो. या ओट्याच्या हॉलकडच्या कडेला साधारण ४२ इंच उंचीची अर्धी भिंत ठेवा. ओटा ३२ ते ३४ इंचांचा असतो, वरचे आठ-दहा इंच पसारा झाकतात आणि सोफ्यावरच्या पाहुण्याला परात, सालं, ओली फडकी दिसत नाहीत. सिंक शक्यतो हलवू नका. सांडपाण्याच्या पाइपला उतार लागतो आणि फ्लॅटच्या स्लॅबमध्ये तो मनासारखा काढता येत नाही. त्यातून पुढे खालच्या घराच्या छताला ओल येते आणि आयुष्यभराचं भांडण उभं राहतं.

आवाजाचं काय करायचं? मिक्सर ८० डेसिबलच्या पुढे जातो, कुकरची शिट्टी वेगळी, आणि समोर टीव्ही. टीव्हीवाला आवाज वाढवतो, मग मिक्सरवाली ओरडून बोलते. गुळगुळीत फरशी, काच आणि रिकाम्या भिंती आवाज परतवतात. जाड पडदे, सतरंजी, कापडी सोफा आणि भरलेलं पुस्तकांचं कपाट तो पितात. घरात दहावी-बारावीचं मूल असेल, किंवा कुणी घरून काम करत असेल, तर दार लागणारी एक खोली त्यांच्यासाठी राखून ठेवल्याशिवाय भिंत पाडूच नये असं मी म्हणेन. दम्याचा त्रास असलेलं वडीलधारं माणूस हॉलमध्ये झोपत असेल तर तर नाहीच.

इथे चाळीची आठवण करावीशी वाटते. मुंबईतल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तिथे स्वयंपाक, अभ्यास, झोप, पाहुणे, आजारपण सगळं एकाच जागेत चाले. लोकांनी ते कसं निभावलं? मोरीची अर्धी भिंत, दोरीवरचा पडदा, पोटमाळा, आणि बाहेरची गॅलरी. म्हणजे जिथे भिंत नव्हती तिथे त्यांनी हलवता येणारा आडोसा केला. मोठ्या फ्लॅटवाल्यांनी यातून घेण्यासारखं पुष्कळ आहे. पूर्ण भिंत पाडण्याऐवजी दाराची जागा पाच-सहा फुटांपर्यंत रुंद करा आणि तिला टफन्ड काचेची सरकती दारं बसवा. उजेड येतो, नजर पोचते, आणि मासे तळायचे त्या दिवशी दारं ओढून घेता येतात. तेवढाही खर्च नको असेल तर भिंतीत तीन-चार फुटांची खिडकी काढा. ताटं सरकवता येतात, बोलता येतं. हे दोन्ही बदलसुद्धा इंजिनिअरला विचारूनच. भाड्याच्या घरात तर पाडापाडीचा प्रश्नच नाही. तिथे दोन्ही बाजूंनी उघडं असलेलं कपाट, वेगळा दिवा आणि खालची सतरंजी एवढ्यावर जेवायची आणि बसायची जागा वेगळी करता येते.

निर्णय पक्का होत नसेल तर आधी स्वयंपाकघराचं दार बिजागऱ्यांतून काढून एक महिनाभर राहून पाहा. त्या महिन्यात एखादा सण आणि एखादा तळणाचा दिवस येऊ द्या. घरातल्या कुणाला किती त्रास होतो ते कळेल, आणि दार परत बसवायला सुताराला अर्धा तास लागतो.

बाल्कनी हॉलमध्ये घेण्याविषयी एकच सांगतो. बाल्कनी बहुतेक वेळा एकाच बाजूनं धरलेली, पुढे लोंबती असते. तिच्या कडेवर विटांची भिंत, जड कुंड्या किंवा पाण्याची टाकी चढवू नका, आणि मंजूर नकाशात नसेल तर ती बंद करू नका.

कार्यालयांचा विचार वेगळ्या टोकापासून करावा लागतो, कारण तिथे भिंती नसण्यामागे बहुतेक वेळा दोन कारणं असतात : कमी जागेत जास्त टेबलं, आणि सगळे नजरेसमोर. सांगितलं मात्र जातं की, लोक एकमेकांशी बोलतील. २०१८ साली एथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी दोन मोठ्या कंपन्यांच्या मुख्यालयांत कर्मचाऱ्यांच्या अंगावर संवेदक लावून हे मोजलं. भिंती काढल्यानंतर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. सतत सगळ्यांसमोर बसलेलं माणूस कानात हेडफोन घालून स्वतःपुरती भिंत बांधतं.

लहान ऑफिस लावणाऱ्यांनी, म्हणजे सीए, वकील, डिझाइनवाले, प्रकाशक, दहा-वीस जणांची सॉफ्टवेअर कंपनी यांनी आधी यादी करावी ती कामांची, टेबलांची नव्हे. फोनवर बोलणारे कोण, आकडे जुळवणारे कोण, ग्राहक कुणाकडे येतात. माणसाला सर्वांत जास्त विचलित करतं ते समजणारं बोलणं. पंख्याची घरघर काही वेळानं कानाआड होते, शेजारच्या टेबलावरचं ‘अहो, मागच्या महिन्याचं बिल’ होत नाही. त्यामुळे फोनवाले एका बाजूला, प्रिंटर आणि चहा त्यांच्याकडे, आणि एकाग्रतेचं काम दुसऱ्या टोकाला. दोघा जणांपुरती, दार लागणारी निदान एक खोली सगळ्यांसाठी मोकळी ठेवा. ती मालकाची केबिन होता कामा नये. टेबलांमधला आडोसा जमिनीपासून चार फुटांच्या आसपास असला की बसलेल्याच्या डोळ्यांसमोर सतत हालचाल राहत नाही आणि उभं राहिलं की माणसं दिसतात. येण्याजाण्याच्या वाटेकडे पाठ करून कुणालाही बसवू नका. छताला आवाज शोषणारे फलक लावण्याचा खर्च महागड्या खुर्च्यांच्या आधी करा.

आणि हवा. मार्च २०२० मध्ये दक्षिण कोरियातल्या सोल शहरात एका कॉल सेंटरच्या अकराव्या मजल्यावर २१६ पैकी ९४ जणांना कोविड झाला. दाटीनं मांडलेल्या टेबलांवर दिवसभर बोलत बसणाऱ्या माणसांचा तो मजला होता. आपल्याकडच्या कित्येक लहान ऑफिसांत स्प्लिट एसी तीच हवा दिवसभर फिरवतो आणि खिडक्या कायमच्या स्क्रूनं बंद केलेल्या असतात. एक एक्झॉस्ट पंखा आणि दिवसातून काही वेळा उघडणारी एक खिडकी एवढं तरी प्रत्येक मोकळ्या ऑफिसात असलंच पाहिजे.

नव्या ऑफिसचा आराखडा ठरवत असाल तर कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देण्याआधी तो तिथे रोज आठ-नऊ तास बसणाऱ्यांसमोर ठेवा, आणि प्रत्येकाला एकच विचारा : तुला दार कधी लावून घ्यावंसं वाटतं? घराच्या आराखड्यासाठीही हाच प्रश्न घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत वयस्क माणसाला विचारा. उत्तरं आली की नकाशा बदलायला लाजू नका. कागदावरची रेघ फुकटात हलते.